खोलीचा खर्ज

घरी बसून रागसंगीत ऐकणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येते. पण डग्ग्याचा एक ‘धा’ छातीवर येऊन आदळतो, आणि पुढचा, मनगटाने थोडा वर दाबलेला ‘धा’ जवळजवळ नाहीसाच होतो. तंबोऱ्याचा खर्ज बोलत नाही, नुसता घूं करीत राहतो. ‘बेस’ कमी करावा तर गाणे पोकळ वाटते, वाढवावा तर घूं पुन्हा सुरू. मग स्पीकर बदलले जातात, ॲम्प्लिफायर बदलला जातो, जाड तारा आणल्या जातात. पैसे जातात आणि घूं तसाच राहतो.

गेली पंधराएक वर्षे सातारा, कऱ्हाड आणि सांगली-मिरज या पट्ट्यातील घरांमधल्या ऐकण्याच्या आणि रियाजाच्या खोल्या मी मोजत आलो आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. ध्वनिशास्त्र मी पुस्तकांवरून आणि हातात टेप धरून शिकलो. या मोजणीतून जी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली ती अशी : खालच्या स्वरांच्या बाबतीत आपण स्पीकर किंवा वाद्य जेवढे ऐकतो, त्याहून अधिक खोली ऐकतो. खोलीचे हे वागणे गूढ नाही. शाळेतल्या भागाकाराने ते आधीच सांगता येते, आणि पुष्कळदा एक पैसाही न खर्चता सुधारता येते.

भिंतींमधली लाट

२५ अंश तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, म्हणजे ११३६ फूट असतो. जवारीची जी झळाळी आपण कानाने टिपतो, तिच्यातील ३००० हर्ट्झच्या स्वरांशाची लाट अवघी साडेचार इंच लांब असते. ती खुर्चीला, पडद्याला, पुस्तकांना अडते, विखुरते, मुरते. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा आणि खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३ हर्ट्झचा. या खर्जाची लाट सोळा फुटांहून लांब आहे. तिच्या दृष्टीने खुर्ची, पडदा, पुस्तके ही जवळजवळ नाहीतच. तिला फक्त भिंती, जमीन आणि छत दिसते. गणपतीच्या मिरवणुकीतले गाणे दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येत नाही, नुसता ठोका ऐकू येतो, त्याचेही कारण हेच : लांब लाट वाटेतल्या वस्तूंना वळसा घालून आणि भिंती हलवून पुढे येते.

आता समोरासमोरच्या दोन भिंतींचा विचार करू. एका भिंतीवरून परतलेली लाट दुसरीवर आदळून पुन्हा मागे येते. भिंतींमधले अंतर लाटेच्या लांबीच्या नेमके निम्मे असेल, तर येणारी आणि जाणारी लाट एकमेकींत मिसळून जागच्या जागी उभी राहते. शाळेच्या पुस्तकात तिला अप्रगामी तरंग म्हणतात. तारेचे जे होते तेच येथे हवेचे होते. तार दोन टोकांना बांधलेली असल्याने तिला स्वतःचा एक स्वर असतो; खोलीतली हवा दोन भिंतींमध्ये अडकल्याने तिलाही तो असतो. लॉर्ड रेली यांनी १८७७ साली प्रकाशित होऊ लागलेल्या ‘थिअरी ऑफ साउंड’ या ग्रंथात पेटीसारख्या खोलीसाठी याचे गणित मांडले आहे.

घरगुती वापरासाठी ते एका ओळीत येते. ११३६ चे निम्मे ५६८. खोलीची लांबी फुटांत मोजा आणि ५६८ ला तिने भागा. १० फुटांना उत्तर येते ५६.८ हर्ट्झ, १२ फुटांना ४७.३, १४ फुटांना ४०.६, १६ फुटांना ३५.५. हे झाले त्या अंतराचे मूळ स्वर. त्यांच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्यांनाही खोली तशीच बोलते.

आपल्याकडच्या नव्या घरांत अगदी सर्रास आढळणारी खोली घेऊ : १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. तिच्या रुंदीचा आणि उंचीचा स्वर एकच, ५६.८. म्हणजे एकाच स्वरावर दोन लाटा उभ्या राहतात. दोनपेक्षा अधिक पृष्ठभागांवरून फिरणाऱ्या तिरप्या लाटाही हिशेबात घेतल्या, तर १०० हर्ट्झच्या आत या खोलीला अवघे सहा स्वर मिळतात : ४७.३, ५६.८, ७३.९, ८०.३, ९३.२ आणि ९४.७. यांतील ५६.८ आणि ७३.९ हे दुहेरी. मधल्या जागा रिकाम्या.

आता या खोलीत दोन ध्वनिमुद्रणे लावून पाहा. एका गायकाचा स्वर पांढरी दोन आहे. त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज ७३.४ हर्ट्झचा; तो खोलीच्या ७३.९ या दुहेरी स्वराला भिडतो आणि घुमतो. दुसरा गायक काळी एकमध्ये गातो. त्याचा ६९.३ चा खर्ज ५६.८ आणि ७३.९ यांच्यामधल्या खिंडीत सापडतो, आणि तेथे खोलीची साथ क्षीण असते. ऐकणारा म्हणतो, पहिले ध्वनिमुद्रण वाईट आहे, दुसरे बरे आहे. प्रत्यक्षात दोन्ही चांगली असू शकतात. फरक अर्ध्या स्वराचा आणि भिंतींमधल्या अंतराचा असतो. डग्ग्याचा घिस्सा तर एका दमात खोलीचे दोन-तीन स्वर ओलांडत जातो, म्हणून तो कुठे फुगतो, कुठे बुडतो.

गोलघुमट आणि दहा फुटी खोली

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. घुमण्याचा विषय निघाला की आपल्या भागात विजापूरच्या गोलघुमटाचे नाव हटकून निघते. परंतु तेथे आपण ऐकतो तो प्रतिध्वनी आणि लांबलेला निनाद. मुहम्मद आदिलशाहच्या त्या वास्तूचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. एवढ्या अंतराचा मूळ स्वर ५ हर्ट्झच्याही खाली जातो, आणि माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून पुढे ऐकतो. कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात तेथे खोलीचे स्वर इतके दाटीवाटीने असतात की एकही वेगळा उमटत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सेबिन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून-काढून निनाद मोजला. सभागृहांचे सगळे आधुनिक ध्वनिशास्त्र त्या प्रयोगांवर उभे आहे. पण त्यांचे सूत्र ध्वनी सगळीकडे सारखा पसरला आहे असे धरून चालते. लहान खोलीत खालच्या स्वरांना ते लागू पडत नाही. जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांनी ही सीमारेषा कशी काढायची ते दाखवले. खोलीचे आकारमान आणि निनादाचा काळ घेऊन ती काढता येते. १२ × १० × १० फुटांच्या खोलीत निनाद ०.६ सेकंदाचा धरला तर सीमा २६५ हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या वर सेबिन यांचे राज्य, खाली रेली यांचे. पुरुषी तंबोऱ्याच्या चारही तारांचे मूळ स्वर, डग्गा आणि पुरुषी आवाजाचा बराच भाग हे सगळे या सीमेखाली येते. म्हणूनच सभागृहाला लागू पडणारे उपाय घरात आणले की निराशा होते.

वाड्यात हे का नव्हते?

‘आमच्या जुन्या घरात असे कधी घुमत नव्हते,’ असे जुने श्रोते सांगतात. त्यांचे म्हणणे खरे आहे आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले यंत्राचे. १९२५ च्या आधीच्या तबकड्या कर्ण्यात गाऊन भरलेल्या असत. त्यांत २०० हर्ट्झच्या खाली फारसे काही उतरतच नसे, आणि वाजवणाऱ्या कर्ण्याचीही तीच मर्यादा. खोलीचे स्वर जागे करायला खालचे स्वर लागतात, ते नव्हते. विद्युत् ध्वनिमुद्रण आले, पुढे दीर्घ वादनाच्या तबकड्या आल्या, मोठे स्पीकर आले, आणि खोल्या बोलू लागल्या.

दुसरे कारण घराचे. साताऱ्यातील जुन्या वाड्यांच्या माडीवर उभे राहून पाहावे : लाकडी तक्तपोशी, भिंतीतली फडताळे, कौलांच्या फटी, जिन्याचे उघडे तोंड, कोपऱ्यात घडवंचीवर रचलेली कापसाची अंथरुणे. लाकडाच्या पातळ फळीमागे पोकळी असली की ती खालच्या स्वरांना हलते आणि त्यांची शक्ती खाते. फटींतून आणि जिन्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही. कोपऱ्यातली गाद्यांची चवड तर आजचे ध्वनितज्ज्ञ जो महागडा ‘बेस ट्रॅप’ बसवतात, त्याचेच काम नकळत करीत होती. स्लॅबचे घर, नऊ इंची विटेची भिंत, आतून सिमेंटचा गिलावा, खाली फरशी : येथे खालच्या स्वराला कोठे जायला वाटच नाही. तो भिंतींमध्ये येरझारा घालीत राहतो.

मिरजेचा तंबोरा आणि साताऱ्याची खोली

हा प्रश्न केवळ हौशी श्रोत्यांचा असता तर मी त्यावर एवढी वर्षे घालवली नसती. पण त्याचे ओझे वाद्य बनवणाऱ्यांवरही पडते.

मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ती सांगितली जाते. पंढरपूर परिसरातले भोपळे, लाकडाची दांडी आणि तबली, हाडाची घोडी, आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा कारागिराचा कान. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, ते तंबोऱ्याच्या सुरेलपणाविषयी किती काटेकोर होते हे सर्वश्रुत आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचे मर्म त्याच्या जवारीत आहे. घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलाईचा असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवलेला असतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहून दाखवले, की या रचनेमुळे तार नेहमीचा नियम पाळत नाही. जे वरचे स्वरांश उमटू नयेत तेही जोरकसपणे उमटतात. खर्जाच्या तारेची शक्ती अशी वरच्या स्वरांशांत वाटली जाते, आणि ही वाटणी ऐकणे म्हणजेच तंबोरा ऐकणे. आता खोलीने त्यातला फक्त खालचा एक स्वरांश उचलून धरला तर काय होईल? वाटणी बिघडेल. घूं पुढे येईल, झळाळी मागे पडेल. कानाला वाटेल, जवारी बसली.

साताऱ्यात गाणे शिकणाऱ्या एका मुलीच्या घरी नेमके हेच झाले. मिरजेहून आणलेला नवा तंबोरा, काळी पाचला लावलेला. एप्रिल-मेमध्ये दोनदा मिरजेला नेऊन जवारी काढून घेतली. कारागिराकडे, रस्त्याकडे उघड्या असलेल्या दुकानात तो झणझणीत बोले; घरी आणला की खर्ज पुन्हा घूं करी. ‘तंबोऱ्यातच खोट आहे का हो?’ असे तिच्या वडिलांनी मला विचारले. मी तंबोऱ्याआधी खोली मोजली. रुंदी बरोबर १० फूट. मुलगी रुंदीच्या मधोमध बसत होती.

काळी पाचचा षड्ज २३३.१, त्याचा खर्ज ११६.५ हर्ट्झ. दहा फुटांचा दुसरा स्वर २५ अंशांना ११३.६ येतो, पण उन्हाळ्यात, बंद खोलीत ३६ अंश तापमानाला ध्वनीचा वेग वाढतो आणि तो ११५.८ वर जातो. खर्ज आणि खोली यांच्यात हर्ट्झभराचेही अंतर उरले नव्हते. या दुसऱ्या स्वराच्या लाटेत हवेचा दाब दोन्ही भिंतींपाशी आणि मधोमध सर्वांत जास्त असतो. भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे अडीच फुटांवर, तो जवळजवळ शून्य होतो. आम्ही बैठक मधून उचलून एका भिंतीपासून अडीच फुटांवर घातली. तंबोरा तोच, जवारी तीच. घूं गेला आणि खर्ज मोकळा झाला. तिसऱ्यांदा मिरजेला जावे लागले नाही.

प्रत्येक वेळी जवारी काढताना घोडीचे हाड थोडे घासले जाते. जे घासले ते परत येत नाही. खोलीच्या दोषासाठी वाद्य झिजवणे आणि कारागिराच्या कानाविषयी शंका घेणे हा दुहेरी अन्याय आहे.

तापमानाची ही गोष्ट पुरुषी तंबोऱ्यालाही लागू आहे, फक्त ऋतू उलटा. ८ फूट रुंदीच्या खोलीचा मूळ स्वर २५ अंशांना ७१ हर्ट्झ. हिवाळ्यात १५ अंशांना तो ६९.८ वर उतरतो आणि काळी एकच्या ६९.३ खर्जाला टेकतो. हिवाळा ते उन्हाळा खोलीचा सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा अधिक चढतो. तंबोरा आपण रोज जुळवतो. खोली आपल्याला न सांगता स्वतःच चढते-उतरते.

खोली कशी मोजावी

साधने तीन : टेप, खडू आणि मोबाइल. टेपने लांबी, रुंदी, उंची मोजून ५६८ चा भागाकार करावा आणि प्रत्येक उत्तराच्या दुप्पट-तिप्पट लिहून ठेवावे. मग मोबाइलमधल्या स्वर निर्माण करणाऱ्या ॲपचा आवाज मोठ्या स्पीकरला जोडावा, कारण मोबाइलचा स्वतःचा स्पीकर इतके खाली उतरत नाही. ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जावे. जेथे खोली भरून येईल तेथे थांबावे आणि तो स्वर चालू ठेवून खोलीत फिरावे. दोन पावलांवर आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटेल, आणखी तीन पावलांवर विरून जाईल. जमिनीवर खडूने खुणा कराव्यात : जोराच्या जागी फुली, विरण्याच्या जागी गोल. चार-पाच स्वरांच्या खुणा झाल्या की खोलीचा नकाशा समोर येतो. मी हे अनेक घरांत घरातल्या मुलांकडून करून घेतले आहे. त्यांना अप्रगामी तरंग त्या दिवशी कळतो.

उपाय, स्वस्तापासून

पहिला उपाय बसण्याच्या जागेचा. आपल्याकडे दिवाण आणि सोफा भिंतीला टेकलेला असतो, बैठकीतही लोड भिंतीलाच लावतात. खालच्या प्रत्येक स्वराचा दाब भिंतीपाशी कमाल असतो, कोपऱ्यात तर त्याहून अधिक. म्हणजे आपण सर्वांत वाईट जागा निवडून बसतो. बैठक भिंतीपासून तीन-चार फूट पुढे घ्यावी. पण थेट मधोमधही बसू नये. तेथे मूळ स्वर नाहीसा होतो आणि दुप्पट स्वर फुगतो.

दुसरा उपाय स्पीकरच्या जागेचा. कोपऱ्यात किंवा भिंतीतल्या शोकेसमध्ये ठेवलेला स्पीकर खोलीचे सगळे स्वर एकदम जागे करतो. तो दोन-तीन फूट पुढे आणावा आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून व मागच्या भिंतीपासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवावा. तिसरा उपाय दाराचा. ऐकताना आतले दार उघडे ठेवून पाहावे. शेजारची खोली थोडा खर्ज स्वतःकडे ओढून घेते.

इक्वलायझरने फुगलेला स्वर एका जागेपुरता खाली आणता येतो. पण जेथे स्वर विरतो तेथे तो वाढवून भरत नाही, कारण वाढवलेली लाट तितक्याच जोराने परतून स्वतःला खोडते. फुकट तापतो तो ॲम्प्लिफायर.

अंड्यांचे ट्रे, इंचभर फोम, पडदे आणि गालिचे यांचा खर्जाला काही उपयोग नाही. सच्छिद्र वस्तू हवा जेथे जोरात हलते तेथे काम करते, आणि ती जागा भिंतीपासून पाव लाटेवर असते. ५७ हर्ट्झसाठी पाव लाट म्हणजे पाच फूट. पाच फूट जाड भिंत कोणी बांधणार नाही; पण कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत फूट-दीड फूट जाडीचा रॉकवूलचा किंवा घट्ट कापसाचा खांब, वर मांजरपाटाची खोळ, एवढ्याने घुमण्याचा काळ कमी होतो. आधी घरातल्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या कराव्यात, दोन दिवस ऐकावे, आणि फरक जाणवला तरच खर्च करावा.

फडताळाचे तत्त्वही मुद्दाम वापरता येते. १२ मिलिमीटर प्लायचा मोठा तक्ता भिंतीपासून सहा इंच अंतरावर, चारही कडा बंद करून बसवला आणि आत थोडे ग्लासवूल सोडले, तर तो हिशेबाने ५७ हर्ट्झच्या आसपास हलतो. म्हणजे दहा फुटी खोलीच्या मूळ स्वरावर. तक्त्याच्या ताठपणामुळे हा आकडा थोडा सरकतो, म्हणून बसवल्यावर पुन्हा मोजावे.

आणि शेवटी रांजण. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस नाट्यगृहात बसवायच्या धातूच्या भांड्यांविषयी लिहितो. युरोपातील मध्ययुगीन चर्चच्या भिंतींतही मडकी सापडतात. पोकळी आणि तोंड असलेल्या भांड्याला स्वतःचा स्वर असतो, त्याचे गणित हेल्महोल्ट्झ यांनी दिले. वीस लिटरचे मडके, दहा सेंटिमीटर तोंडाचे आणि पाच सेंटिमीटर गळ्याचे, सुमारे ९८ हर्ट्झला बोलते. तोंड-गळा तोच ठेवून साठ लिटरचा रांजण घेतला तर ५७ च्या जवळ येतो. तो रिकामा, कोपऱ्यात ठेवावा आणि गळ्यात विरळ कापूस सोडावा. नेमका जुळला तर एकच रांजण एका स्वराला आवर घालतो. दोन-तीन हर्ट्झने चुकला तर कोपऱ्याची शोभा तेवढी वाढते. थोडे पाणी ओतून पोकळी कमी करीत त्याचा सूर वर नेता येतो, हा त्याचा मोठा गुण.

या सगळ्यातून माझ्या मनात दोन अपेक्षा उरतात. तंबोरा घ्यायला मिरजेला जाणाऱ्याने आपला स्वर जसा सांगायचा, तशी आपल्या खोलीची रुंदी, लांबी, उंचीही लिहून न्यावी. कारागिराने वाद्य लावून दिले आणि घरी ते घुमले, तर मोटारीत ठेवण्याआधी बैठक सरकवून पाहावी. दुसरी अपेक्षा वाड्यांविषयी. पाडण्याआधी वाड्याची छायाचित्रे घेतली जातात, दरवाजे विकले जातात. ज्या माडीवर गाणे होत असे, तिची मापे आणि तिचे स्वर मात्र कोणी टिपून ठेवत नाही. त्याला एक टेप, एक खडू आणि एक दुपार लागते. माडी गेली की तिचा खर्ज कोठल्याही ध्वनिमुद्रणातून परत काढता येत नाही.